अडसर कोणी काढला

शोभाबाईंना लिहितावाचता बेताचंच येत होतं, पण नजर अशी की साडेपाच मीटरच्या साडीत कुठे एक धागा लोंबत असेल तर बोट बरोबर तिथंच जाऊन थांबायचं. सुरतेजवळ भेस्तानच्या त्यांच्या चाळीत घरोघरी बायका हेच काम करत. बाजारातून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे यायचे, मागच्या बाजूचे सुटे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, घडी घालून परत द्यायचे. सून उज्ज्वला मदतीला बसायची आणि म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही बघितलेली साडी पुन्हा बघावी लागत नाही." मुलगा गजेंद्र कापड रंगवायच्या डाइंग हाऊसमध्ये होता. नात श्वेता शाळेत जायची. घर साधं होतं, पण त्या घराला मान होता, आणि तो मान शोभाबाईंनी कसा मिळवला होता ते चाळीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं.

त्या सुरतेत आल्या लग्न होऊन, नंदुरबारहून. तेव्हा नंदुरबार आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होतं. नवरा धुडकू जुन्या शहरात एका जरीच्या पेढीवर राखणदार होता. पेढीला मोठं लाकडी दार, त्याला कुलूप बाहेरून रात्रीपुरतं. दिवसा आतून आडवा अडसर. अठ्ठावन्न सालच्या धुळवडीला पेढी बंद होती, शेठ-मुनीम रंग खेळायला गेले होते, आणि भर दुपारी चोर शिरले. जरीच्या पेट्या गेल्या. धुडकू दाराच्या आत डोकं फुटून पडलेला सापडला. शोभाबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या, आणि गजेंद्र पोटात होता.

दार फोडलेलं नव्हतं. अडसर काढून शेजारी भिंतीला टेकवलेला होता. म्हणजे आतून कुणीतरी तो काढला, आणि आत तर एकटा धुडकूच होता. पोलिसांनी सरळ हिशेब केला: राखणदार फितूर, काम झाल्यावर साथीदारांनीच त्याचा काटा काढला. आठ महिने शोभाबाईंना चौकीवर बोलावत राहिले. गल्लीतल्या बायका नळावर त्यांना पुढे जायला जागा देत, पण ती जागा माया म्हणून नसायची. मग नवसारीला टोळीतला एक जण सापडला. त्यानं कोर्टात सांगितलं की ते शेजारच्या घरावरून आले, कौलं काढून आत उतरले. राखणदार ओरडायला लागला म्हणून त्याला मारला, आणि माल बाहेर काढण्यासाठी अडसर त्यांनी स्वतः काढला. छपरातली कौलं खरंच हललेली निघाली. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की राखणदारानं दार उघडलं नाही. वकिलानं ते वाक्य मराठीत समजावून सांगितलं तेव्हा शोभाबाईंच्या मांडीवर गजेंद्र झोपलेला होता. त्यांनी ते वाक्य तिथंच पाठ करून टाकलं.

निकालाची नक्कल ट्रंकेत होती. अडुसष्टच्या पुरात तापी घरात शिरली आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. शोभाबाईंना त्याचं फार वाटलं नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, सासरी-माहेरी ठाऊक होतं. कागद कुणाला दाखवायचा होता? धुडकूचा फोटो मात्र कधीच नव्हता. काढूच कधी सवडीनं, असं म्हणता म्हणता तो गेला.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात शेजारचा मारुती एका पाहुण्याला घेऊन दारात आला. मारुती चाळीत केबलच्या जोडण्या देई, त्यामुळे साऱ्या भेस्तानची खबर त्याच्याकडे असायची. "शोभाकाकू," तो म्हणाला, "हे योगेंद्रभाऊ. मुंबईहून आलेत, सिनेमाचं काम आहे."

योगेंद्र चाळिशीचा, पुढचे केस विरळ झालेला, बोलायला नरम माणूस होता. चपला बाहेर काढून तो जमिनीवरच बसला. त्या टोळीचा म्होरक्या पुढे मोठा नामचीन गुंड झाला. त्याच्या आयुष्यावर हिंदी सिनेमा निघत होता, आणि जरीच्या पेढीवरची चोरी त्यातलं पहिलं मोठं प्रकरण होतं. पेढीची जुनी इमारत भाड्यानं मिळाली होती. पण अठ्ठावन्न सालची सुरत पाहिलेलं, त्या दाराच्या आत वावरलेलं माणूस त्यांना मिळत नव्हतं.

"माझं काम कंटिन्युटीचं, मावशी," तो म्हणाला. "म्हणजे एका शॉटमध्ये माणसाच्या डाव्या हातात कप आणि पुढच्यात उजव्या हातात, असं होऊ नये ते बघायचं. शिवाय जुना काळ आहे. त्यात नव्या काळातलं काही घुसलं तर लोक हसतात. तुम्ही नुसतं बसा, आणि काही खटकलं तर मला सांगा."

उज्ज्वलानं सासूकडे पाहिलं. शोभाबाई कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "माले सगळं याद शे." मग पाहुण्याला कळावं म्हणून पुन्हा म्हणाल्या, "मला सगळं आठवतं भाऊ. सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला आली. अडतीस वर्षांनी शोभाबाई पेढीच्या गल्लीत उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी बायकांची खानावळ होती तिथं आता एसटीडीचं दुकान होतं, पण सिनेमावाल्यांनी त्यावर लाकडी फळ्या ठोकून ते झाकलं होतं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर झाडून पुसून लख्ख झालेलं, म्हणून गल्लीत मुद्दाम कचरा आणून पसरला होता. पेढीचं दार तेच होतं. त्यांना वाटलं होतं की रडू येईल. रडू आलं नाही, कारण समोर पोलीस चौकीची जी पाटी टांगली होती तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"भाऊ, ही पाटी काय म्हणते?"

"गुजरात राज्य, पोलीस चौकी."

"गुजरात कुठे होता तेव्हा? मुंबई राज्य होतं. मी गरोदर होते तेव्हा मुंबई राज्य, गजेंद्र चालायला लागला तेव्हा गुजरात झालं."

योगेंद्रनं कपाळावर हात मारला आणि पाटी उतरवायला माणूस पळाला. तिथून सुरुवात झाली. हवालदाराला लांब पँट दिली होती. शोभाबाई म्हणाल्या की अर्धी चड्डी असायची, गुडघे दिसायचे, मी आठ महिने ते गुडघेच बघितलेत, मान वर कुठे केली होती. पाण्याजवळ प्लास्टिकची बादली होती, ती जाऊन पितळेची आली. राखणदाराच्या पायात रबरी स्लीपर होत्या, त्या काढून चामड्याच्या वहाणा आल्या. धुळवड म्हणून नटाच्या गालाला गुलाल फासला होता, आणि तोही एकदा उजव्या गालाला, दुपारच्या जेवणानंतर डाव्या. शोभाबाईंनी दोन्ही सांगितलं: गाल बदललाय हे, आणि मुळात गुलाल नव्हताच हे. धुडकूचे वडील त्या वर्षी गेले होते, घरात सण नव्हता. गुलाल पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी कापडी पाठीची खुर्ची आली. चहा आधी त्यांना मिळू लागला. लांबून कुणीतरी हाक मारायचं, "मावशीला विचारा रे," आणि चाळीस माणसं हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघायची. एवढ्या जन्मात त्यांच्या बोलण्यावरून कुणी खिळासुद्धा हलवला नव्हता. घरी येऊन त्या उज्ज्वलाला म्हणाल्या, "हुबेहूब करतात गं. जसं सांगते तसं."

धुडकूचं काम करणारा नट उत्तरेकडचा होता. फारसं नाव न झालेला, साधा, हाडापेरानं धुडकूसारखाच किरकोळ. तो येऊन त्यांच्या पायाशी बसला आणि हिंदीत विचारायला लागला की तो बसायचा कसा, बोलायचा कसा. शोभाबाई सुरुवातीला लाजल्या. मग सांगू लागल्या. एक पाय दुमडून, दुसरा लांब करून बसायचा. कुणी काही विचारलं की लगेच बोलायचा नाही. आधी तळव्यानं मानेची मागची बाजू चोळायचा, मग उत्तर द्यायचा. त्या नटानं करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "इतकं जोरात नाही. खाज सुटल्यासारखं नाही. विचार करताना चोळतात तसं." त्यानं पुन्हा केलं, आणि शोभाबाईंनी पदर तोंडाला लावला. गजेंद्रनंही बापाची ती सवय कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दाराचा प्रसंग होता. शोभाबाई खुर्चीत बसल्या होत्या. नट दाराच्या आत एक पाय दुमडून बसला. बाहेरून हलकेच टकटक झाली. नट उठला, दाराच्या फटीशी गेला. फटीतून एक मनगटी घड्याळ आत आलं. नटानं ते घेतलं, कानाला लावलं, आणि अडसराला हात घातला.

शोभाबाई उभ्या राहिल्या. "भाऊ, हे चुकलं."

सगळे थांबले. योगेंद्र वही घेऊन धावत आला. "काय दिसलं मावशी?"

"त्यांनी दार उघडलं नव्हतं. चोर कौलं काढून उतरले. हे कोर्टात झालेलं आहे. आणि त्यांना घड्याळ कळतच नव्हतं, ते घड्याळ घेऊन काय करतील?"

योगेंद्रनं वहीत काही लिहिलं नाही. त्याचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. तो दिग्दर्शकाकडे गेला, दोघं बाजूला बोलले, आणि तो परत येऊन त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"मावशी, ती चूक नाही. ती गोष्ट आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे असं, की सिनेमाचा हिरो तो टोळीवाला आहे. लोकांना तो आवडला पाहिजे. त्यानं गरीब, इमानी राखणदाराला मारलं असं दाखवलं तर लोक पुढे सिनेमा बघणार नाहीत. म्हणून राखणदार थोडा..." तो थांबला. "नाव बदललंय मावशी. तुमच्या मिस्टरांचं नाव कुठेही नाही."

"नाव बदललं, पण वहाणा त्यांच्या आहेत ना? बसणं त्यांचं आहे ना? ते मीच सांगितलं तुम्हाला."

योगेंद्र वाईट माणूस नव्हता, हे शोभाबाई पुढेही म्हणत. पण त्याचा हात वहीतल्या कपापर्यंत आणि गुलालापर्यंतच पोचत होता. शेवटी त्या स्वतः उठून दिग्दर्शकाकडे गेल्या. दिग्दर्शकानं खुर्चीतून उठून त्यांना नमस्कार केला. "माँजी, आप हमारी माँ जैसी हैं," म्हणाला, आणि कुणाला तरी त्यांच्यासाठी नारळपाणी आणायला सांगितलं. एवढ्या अदबीनं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते त्यांना कळेना. नारळ हातात घेऊन त्या परत आल्या.

त्यांनी घरी जायचं म्हटलं. गाडी संध्याकाळी सहाला सगळ्यांबरोबरच निघणार होती, आणि भेस्तानला एकटीनं रिक्षानं जायचं धाडस त्यांना झालं नाही. म्हणून त्या तिथंच बसून राहिल्या. तो प्रसंग अकरा वेळा झाला. अकरा वेळा त्यांच्यासमोर धुडकूनं घड्याळ घेतलं, अकरा वेळा अडसर काढला. आणि सातव्या वेळेला नटानं स्वतःच्या मनानं एक भर घातली. अडसराला हात घालण्याआधी तो क्षणभर थांबला, तळव्यानं मान चोळली, आणि मग दार उघडलं. दिग्दर्शकाला ते फार आवडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शोभाबाईंच्या नजरेला त्यातही एक गोष्ट दिसली. लांबून घेतलं तेव्हा नटानं अडसर डाव्या हातानं काढला होता, जवळून घेतलं तेव्हा उजव्या हातानं. योगेंद्रनं सवयीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. त्यांनी होकारार्थी मान हलवली. राहू दे ती चूक, त्यांना वाटलं. कुणाच्या तरी डोळ्यांत येईल, तो म्हणेल हे खोटं आहे.

सिनेमा अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये लागला. गजेंद्र नको म्हणत होता, पण मारुतीनं तिकिटं आणली, आणि चाळीतली बारा माणसं मिळून गेली. शोभाबाई मधोमध बसल्या. सुरुवातीलाच अक्षरं आली की ही कथा काल्पनिक आहे. श्वेतानं ती हळूच वाचून दाखवली. मग पडद्यावर ती गल्ली आली, मुंबई राज्याची पाटी आली, पितळेची बादली आली, आणि मागच्या रांगेत एक म्हातारा गुजराती गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "बरोबर एवुंज हतुं. अमे जोयेलुं छे." अगदी असंच होतं, आम्ही पाहिलेलं आहे. त्या आवाजात पुरा विश्वास होता. दार उघडलं तेव्हाही तो म्हातारा तसाच मान हलवत होता.

डावा हात, उजवा हात झाला. पापणी लवण्याइतका वेळ. सबंध थिएटरात कुणालाही दिसलं नाही.

बाहेर आल्यावर मारुती म्हणाला, "काकू, सिनेमावाले काहीही दाखवतात." त्यानं चांगल्या मनानं म्हटलं. पण आठवड्याभरात गजेंद्रला कामावर एकानं विचारलं, "तारा बापने घडियाळ मळेली?" तुझ्या बापाला घड्याळ मिळालं होतं ना? गजेंद्र त्याच्या अंगावर धावून गेला, आणि त्याला चार दिवस घरी बसवलं. त्या चार दिवसांत तो आईला घेऊन काशिनाथ वकिलांकडे गेला. काशिनाथ जळगावकडचे, बरीच वर्षं सुरतेत वकिली केलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दावा लावता येईल," ते म्हणाले. "मुंबईला लावावा लागेल, वर्षानुवर्षं चालेल. नाव त्यांनी बदललंय. तो तुमचाच नवरा हे आधी तुम्हाला सिद्ध करावं लागेल. कशावरून सिद्ध करणार?"

"सगळं त्यांच्यासारखंच आहे," शोभाबाई म्हणाल्या.

"हे कोणी सांगितलं सिनेमावाल्यांना?"

"मी."

निकालाची नक्कल मिळते का ते बघतो, एवढं काशिनाथांनी कबूल केलं, आणि खरंच दोनदा कोर्टाच्या दफ्तरात जाऊन आले. इतक्या जुन्या खटल्यांचे कागद मुदत संपली की काढून टाकतात. शेठची पेढी केव्हाच मोडली होती, मुनीम वारले होते, नवसारीला सापडलेला तो चोरही राहिला नव्हता. "वहिनी, तुम्ही खरं बोलता हे मला पटतं," काशिनाथ म्हणाले. "पण माझ्या पटण्याला कोर्टात किंमत नाही."

गजेंद्रनं घरी येऊन आईवर राग काढला. "कशाला गेली होतीस तिथं? तू नसती गेलीस तर त्यांनी रबरी चपला घातल्या असत्या, लोक हसले असते आणि विसरले असते." असं बोलल्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि तो बाहेर निघून गेला. शोभाबाईंना त्याचा राग आला नाही. तो जे म्हणाला ते त्यांनी स्वतःच स्वतःला किती वेळा म्हटलं होतं.

वर्षभरात सिनेमा केबलवर आला. मारुती तो लावणार नाही म्हणाला होता, पण कार्यक्रम वरून यायचे, त्याच्या हातात फक्त वायरी होत्या. दोन-तीन महिन्यांनी एकदा दुपारी चाळीतल्या कुठल्या ना कुठल्या घरातून त्या सिनेमाचं संगीत ऐकू यायचं. श्वेतानं शाळेत मैत्रिणींना अभिमानानं सांगितलं होतं की आमचे आजोबा सिनेमात आहेत. तिला आजोबांचा दुसरा चेहरा माहीतच नव्हता. शोभाबाईंनी एकदा तिला जवळ बसवून सांगितलं, की तुझ्या आजोबांचं नाक असं नव्हतं, जरा बसकं होतं, आणि हनुवटीवर... आणि त्या अडल्या. हनुवटीवर व्रण होता, तो कुठल्या बाजूला? त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तो उत्तरेकडचा नट आला, एक पाय दुमडून बसलेला.

"सांग ना आजी," श्वेता म्हणाली.

"नंतर सांगते," त्या म्हणाल्या, आणि साडी पुढे ओढली.

नव्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुडकूची धाकटी बहीण सुकाबाई नंदुरबारहून आली. भावाच्या घरी सणाला यायची रीत भाऊ गेल्यानंतरही तिनं मोडली नव्हती. पुरणपोळ्या झाल्या, गाणी झाली, दुपारी दोघी म्हाताऱ्या खाटेवर आडव्या झाल्या. सुकाबाईनं भावजयीचा हात हातात घेतला. गावाकडे तिच्या मुलानंही टीव्ही घेतला होता.

"वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "मना भाऊवर मी कधीच राग करना नही. गरिबी व्हती. पोटले व्हतं तुले, पहिलं बाळ. म्हनीसन उघाडं असंल त्यानी दार. देवबी माफ करस."

हीच सुकाबाई, कोर्टाच्या निकालाच्या दिवशी सगळ्या गावात गूळ वाटत फिरली होती. शोभाबाई उठून बसल्या. सांगायचं ते सगळं त्यांच्या ओठांवर आलं: कौलं, नवसारीचा तो माणूस, न्यायाधीशांचं वाक्य. हे सगळं सुकाबाईला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

"सुका, त्यासनी दार उघाडं नही," त्या एवढंच म्हणाल्या.

"हा व माय, हा," सुकाबाई म्हणाली आणि लहान मुलाला थोपटावं तसं त्यांचा हात थोपटत राहिली.